मुंजाजीची फ्रान्सवाली गढी

वारंगा फाट्यावर उतरून कुणालाही विचारा, मुंजाजी कऱ्हाळे कुठं राहतात, तर तो खांदे उडवील. तेच 'गढीवाले' कुठं राहतात असं विचारा, मग तो आधी हसेल, हसून घेतल्यावर हात करील आणि वर म्हणेल, "जा, पण जेवून जा. तिथं गेल्यावर लवकर सुटका न्हाई."

मुंजाजीची जमीन रस्त्यात गेली आणि मुंजाजी रस्त्यावर आला. म्हणजे चांगल्या अर्थानं आला. हायवेला लागून दोन गाळे, त्यांच्यामागं दुमजली घर, घरापुढं फरशी आणि फरशीवर एक लाकडी आरामखुर्ची. पंचर काढणारा एक गाळा चालवतो, बी-बियाण्यांवाला दुसरा. मुंजाजी काहीच चालवत नाही, फक्त तोंड चालवतो. सकाळी पांढरंशुभ्र धोतर-सदऱ्यात खुर्चीवर बसायचं आणि जो कुणी बसची वाट बघत सावलीला येईल त्याला धरायचं. "आमची चिंचदरीची गढी," इथून सुरुवात. बस येईपर्यंत त्या बिचाऱ्याची सुटका नसते. बस आपली, वेळेवर कधी येतच नाही.

आता चिंचदरीला गढी होती, हे खरं. टेकाडावर होती, चार बुरुजांची होती, पांढऱ्या मातीची होती. गढीची माणसं एकेक करून शहराकडं गेली, आणि मग चिंचदरीकरांनी तिची माती टोपल्या-टोपल्यांनी नेऊन आपापल्या घरांच्या माळवदांवर टाकली. आपल्याकडं गढीची पांढरी माती माळवदाला नंबर एक मानतात, पाणी झिरपू देत नाही. तर गढी पडली म्हणायचं नाही. गढी वाटून घेतली. आता तिथं एक बुडखा उरलाय आणि त्यावर बोरी वाढल्यात.

मुंजाजी सांगतो, "आमचं सारं गढीतच." हेही खरंच. त्याचा बाप संतराम पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत गढीतच असायचा. गढीच्या मागल्या अंगाला म्हशींचा गोठा होता, त्यात. म्हशी धुणं, पिळणं, शेण काढणं, सगळं तोच. माणूस मोठा कष्टाळू. त्याचा हात सोडून म्हैस दुसऱ्याला धार देत नसे, असं त्याची थोरली लेक द्वारकाबाई आजही अभिमानानं सांगते. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. मुंजाजीला वाटतं. म्हणून फाट्यावर, जिथं सगळेच कुठून कुठून आलेले आणि कुणीच कुणाचा बाप पाहिलेला नाही, तिथं त्यानं म्हशी तेवढ्या वगळल्या आणि गढी ठेवली. दारावर पितळी पाटी लावली, त्यावर आडनावाच्या जागी 'गढीवाले'. द्वारकाबाई ती पाटी बघून पदर तोंडाला लावते. तिचं सासर जवळच, कळमनुरीच्या अलीकडं. ती महिन्याकाठी येते, भावाचं घर बघते, आणि हसू आवरत परत जाते.

इतकं सगळं नुसत्या तोंडावर निभावलं असतं. पण मुंजाजीची लेक सृष्टी नांदेडला दवाखान्यात नर्स आहे आणि तिचं लग्न ठरायचं होतं. मागल्या साली एक सोयरीक होता होता मोडली ती बापाच्या गढीपायीच. मुंजाजीनं पाहुण्यांना बुरुज, तोफा, हत्तीचे साखळदंड असं काही ऐकवलं की ती साधी माणसं घाबरली. "एवढं मोठं खानदान आपल्याला झेपायचं न्हाई," म्हणून चहा अर्धा टाकून उठली. या खेपेला मुलगा सृष्टीनं स्वतःच पाहिलेला, हिंगोलीला वीज कंपनीत. नरसीकडचं घर, शेतकरी माणसं. दोघांचं जमलेलं, फक्त मोठ्यांनी बसून सुपारी फोडायची बाकी. सुपारी फोडायचा रविवार ठरला.

सृष्टी फोनवर बापाला बजावून बसली होती. "बाबा, या टायमाला गढी काढायची न्हाई. पाया पडते."

"न्हाई काढत," मुंजाजी म्हणाला.

आणि त्यानं खरंच शब्द पाळला. तोंडानं गढी काढायची नाही, तर भिंतीवर काढायची ठरवलं. चित्र काही बोलत नाही ना? बैठकीच्या मोठ्या भिंतीवर, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल अशी, आढ्यापासून खालपर्यंत गढी. पाहुणे आपणहून विचारतील, आपण फक्त "हां, आमचीच" म्हणायचं. एवढं डोकं मुंजाजीनं आयुष्यात दुसरीकडं कुठं चालवलं असतं तर गाळे भाड्यानं द्यायची पाळी आली नसती.

फाट्यावर चित्र काढणारा एकच, बंटी पेंटर. ट्रकांच्या मागं गाय-वासरू काढावं तर बंटीनंच. वासरू काढताना त्याचा हात असा बसलाय की तो वाघ काढतो तरी वासरूच वाटतं. धंद्यात त्याचा एक नियम आहे, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. ड्रायव्हर म्हणाला गायीला पंख पाहिजेत, तर पंख.

"फोटो हाय का गढीचा, दादा?" बंटीनं विचारलं.

"आमच्यात फोटो काढत नव्हते. नजर लागती."

"मंग मी पाहू कसं?"

"म्या सांगतो, तू काढ."

मुंजाजी भिंतीसमोर खुर्ची टाकून बसला, डोळे मिटले आणि सांगू लागला. लहानपणी जे पाहिलं तेच माणूस सांगणार. त्यानं सांगितली एक उंच सपाट भिंत, खिडकी ना दार, नुसती वर वर गेलेली. मध्यावर एक दगडी पन्हाळ, तिच्याखाली पाणी गळून हिरवा पट्टा पडलेला. आणि मान पार मागं टाकली की वर कोपऱ्यात अंगावर आल्यासारखा बुरूज. गोठ्यात दावणीपाशी बसलेल्या पोराला गढी जशी दिसेल, बरोबर तशी. मुंजाजीच्या ते ध्यानातही आलं नाही. त्याला वाटलं आपण गढीच सांगतोय.

बंटीनं ते काढलं. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई आली, बैठकीच्या तयारीला म्हणून. भिंतीकडं बघून तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"हे काय रं बंटी?"

"गढी, आत्या."

"अशी कुठं व्हती गढी? मी लहानपनी रोज पहाटं हिरीवर पानी शेंदायला जायची. हिरीवरनं मोठा दरवाजा दिसायचा समोर. खिळे ठोकलेला, बंद. आन त्याच्या पोटात इतुकशी दिंडी, तेवढीच उघडी. दरवाजा काढला न्हाईस तर गढी कशाची, हागनदारी झाली ती."

"दादांनी सांगितलं ते काढलं."

"मुंजाला काय कळतंय? तो तर चालायबी शिकला न्हवता नीट. माझं काढ."

गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. बंटीनं पन्हाळीच्या शेजारीच समोरून दिसणारा दरवाजा बसवला. मोठा बंद, दिंडी उघडी.

तिसरा आला चुलतभाऊ हरिचंद. हा बोलण्यापेक्षा खाण्यासाठीच येतो. बैठकीच्या आधी दोन दिवस मुक्कामाला आला. त्यानं जेवता जेवता भिंतीकडं बघितलं आणि घास तसाच ठेवला. त्याचं म्हणणं, ही गढी चुकली. तो पोरपणी चिंचा चोरायला मळ्यातल्या झाडाच्या शेंड्यावर चढायचा, आणि तिथून गढी दिसायची ती वरून. माळवदं माळवदांना चिकटलेली, चौकोनांवर चौकोन, मधे चौकांची काळी भोकं. "पेट्या रचून ठेवल्यावानी," तो म्हणाला. "वरून ज्यानं पाहिली न्हाई त्यानं गढी पाहिलीच न्हाई."

"तिघांचंबी बराबर हाय," बंटी म्हणाला. तोही दमला होता. "मंग तिघांचंबी काढतो. कुनाला नाराज कशाला?"

आणि खरोखर, त्यानं कुणालाच नाराज केलं नाही. खालून वर गेलेली भिंत, समोरून दिसणारा दरवाजा, वरून दिसणारी माळवदं, सगळं एकमेकांच्या अंगात घुसवलं. एक माळवद भिंतीवरून घसरत आलं ते दरवाजाच्या डोक्यावर टेकलं. बुरूज एका बाजूनं उभा, दुसऱ्या बाजूनं आडवा. रंग घरात उरलेलेच, गाळ्याच्या शटरचा हिरवा, लोखंडाला मारतात तो राखाडी आणि भिंतीची पिवडी. आभाळ कुठंच नाही.

"आभाळ काहून न्हाई?" मुंजाजीनं विचारलं.

"जागाच न्हाई उरली दादा. तुमच्या घरात माणसं जास्त झाली."

मुंजाजीची बायको केशरबाई बघून म्हणाली, "औंढ्याकडं मधून मधून जमीन हालती म्हन्त्यात. तवाचं काढलंय व्हय?" सृष्टी शनिवारी नांदेडहून आली, उंबऱ्यातच थबकली. तिला आधी वाटलं, भिंतीला लागून कुणी बिस्किटांची खोकी रचून ठेवलीत. मग कळलं हे काय आहे. "बाबा, तुमी शब्द दिला व्हता!"

"म्या तोंडातून शब्द काढला का?"

"भिंत काढली की आख्खी!"

मुंजाजी स्वतःच हादरला होता. पाहुणे यायला एक रात्र राहिली आणि बैठकीच्या भिंतीवर हे भूत. त्यानं बंटीला हाका मारून बोलावलं, सांगितलं, फासून टाक पांढरा. बंटीनं पांढऱ्याचा डबा उघडला, घोटला, ब्रश बुडवला. आणि तेवढ्यात प्रेमानंद सर आले.

सर शेजारच्या गल्लीत राहतात. शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांच्या हाताखालून इतकी पोरं गेली, पण प्रत्येकाच्या वहीत दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी आणि झोपडीमागं नारळाचं झाड. हिंगोली जिल्ह्यात नारळ कुठला? पण सरांनी तीस वर्षं नारळ शिकवला. मुंजाजीनं एकदा टपरीवर, चारचौघांत, "चित्रकलेच्या मास्तरला शाळेत काम काय असतंय हो?" असं विचारलं होतं. सरांनी ते पोटात ठेवलं होतं. आज त्यांना भिंत दिसली आणि आपली पाळी आली म्हणून ते खुदकन हसले. हसता हसता जवळ गेले. आणि त्यांचं हसू तिथंच राहिलं.

"थांब बंटी. ब्रश लावू नको."

"काहून सर?"

"हे घनवादी आहे."

"काय आहे?" मुंजाजीनं विचारलं.

सरांनी मोबाइल काढला, बोट फिरवत फिरवत एक चित्र शोधलं आणि मुंजाजीच्या नाकापुढं धरलं. टेकडीवरचा किल्ला. घरं म्हणजे नुसत्या पेट्या, एकीवर एक चढलेल्या, छपरं घसरलेली, भिंती तिरक्या, हिरवट, राखाडी, पिवळा रंग. आणि आभाळ जवळजवळ नाहीच. मुंजाजीनं मोबाइलकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, परत मोबाइलकडं बघितलं.

"हे कोन्या गावचं?"

"फ्रान्सचं. सव्वाशे वर्षं होत आली."

"म्हंजी निजामाच्या टायमाचं."

"साधारण. आधी लोक हसले होते याला. पेट्या म्हणाले, ठोकळे म्हणाले. आता काचेत ठेवतात."

"पर असं वाकडं काहून काढलं म्हनं?"

इथं सरांना शिकवायची हौस आली. तीस वर्षं नारळ शिकवून कंटाळलेला माणूस, त्याला एकदाचा खरा धडा मिळाला. "असंय मुंजाजीराव, साधं चित्र म्हणजे एका जागी उभं राहून पाहिलेलं. हे चित्र म्हणजे चार जागी उभं राहून पाहिलेलं, आणि एकाच वेळी मांडलेलं. वस्तू कशी आहे तेवढंच यात नाही. बघणारा कुठं कुठं उभा होता, तेही यात दिसतं."

हे शेवटचं वाक्य मुंजाजीनं पाठ केलं. समजलं काहीच नाही, पण पाठ केलं. अशा माणसांचं असंच असतं, समजायला वेळ लागतो, पाठ लवकर होतं. बंटीला त्यानं डब्यासकट हाकललं. ते चित्र दहा मिनिटांपूर्वी भूत होतं, आता खानदानी झालं, कारण फ्रान्सनं पसंत केलं. बंटी जाता जाता म्हणाला, "मंग माझंबी नाव काचेत?" मुंजाजी म्हणाला, "तू फकस्त हात चालवलास. सांगितलं कोनी?"

दिवेलागणीपर्यंत सगळ्या फाट्याला कळलं की गढीवाल्यांच्या घरात फ्रान्सचं चित्र आहे. पंचरवाला विचारत होता, फ्रान्सवाले कधी येऊन काढून गेले, दिसले नाहीत.

सृष्टी मात्र रात्री आत्याच्या मांडीवर डोकं टेकून म्हणाली, "आत्या, उद्या काही झालं तर मी पुन्हा कुनाला घरी बोलवनार न्हाई." द्वारकाबाईनं तिच्या केसांतून हात फिरवला. "त्याचं तोंड मी सांबाळते. तू पोह्याचं बघ."

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील, दोन भाऊबंद, मुलगा, आणि मुलाची मोठी काकू शकुंतलाबाई. म्हातारी पंच्याहत्तरीची, काठी टेकत, पण पाठ सरळ. सगळे तिच्या मागून आत आले, यावरून त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा हे कळत होतं. ती बसलीच नाही. उंबरा ओलांडून सरळ भिंतीसमोर जाऊन उभी राहिली.

मुंजाजीला हर्षवायू व्हायचा बाकी होता. "हां, आमचीच," तो म्हणाला. कुणी विचारलंही नव्हतं. "चिंचदरीची."

"चिंचदरीची?" शकुंतलाबाईनं मान वळवली.

आता इथं थांबावं की नाही? नाही थांबला. "फ्रान्स पद्धतीची हाय. घनवादी. साध्या मानसाला वाकडी दिसंल. पर हे चित्र म्हंजी चार जागी उभं राहून पाहिलेलं. बघनारा कुठं कुठं उभा व्हता तेबी यात दिसतंय. हे बघा सर बसलेत, इचारा."

प्रेमानंद सर बैठकीला शेजारधर्म म्हणून आले होते. ते खोकले.

"असं व्हय," म्हातारी म्हणाली. तिनं काठी उचलली आणि काठीचं टोक पन्हाळीवर टेकवलं. "ही न्हानीची पन्हाळ. मागल्या अंगाची. ही दिसती कुठून, सांगू? म्हशीच्या गोठ्यातून. दुसरीकडून दिसतच न्हाई." काठी सरकली. "हा दरवाजा. हिरीवरनं दिसतोय असा, पानी भरनाऱ्या पोरीला. आन ही माळवदं, ही तर झाडावरनंच दिसतील. चिंचा चोरनारी पोरं चढायची, आमचा गडी दगडं मारायचा त्यांना." हरिचंदनं पोह्याची बशी खाली ठेवली. म्हातारी अजून बघत होती. "आन आतून कुटं हाय? देवघर न्हाई, चौकातली तुळस न्हाई, सोप्याचे खांब न्हाईत. मोठा दरवाजा दिवसा कदी बंद नसायचा, पावन्याला आख्खा उघडा असायचा. दिंडीतून वाकून कोन यायचं? कामाची मानसं. तुमच्या चित्रात दरवाजा बंद आन दिंडी उघडी."

"तुमाला काय म्हाईत हो एवढं?" मुंजाजी कसाबसा बोलला.

"माझं माहेर हाय ते," शकुंतलाबाई म्हणाली.

मुंजाजी खुर्ची शोधत मागं सरकला, खुर्ची तिथं नव्हती. बिचारा भिंतीला टेकला तर बरोबर गोठ्याच्या बाजूला. मुलाच्या वडिलांनी सांगितलं, गढीची जमीन विकली गेली तशी यांच्या वडलांनी आमच्यासारख्या साध्या घरी लेक दिली, पन्नासच्या वर वर्षं झाली. मुंजाजी मान हलवत होता, पण ऐकत काही नव्हता.

आणि म्हातारीचा चेहरा मात्र बदलला. कडक होती ती एकदम मऊ झाली. तिनं चष्मा पुसला, मुंजाजीकडं जवळून बघितलं, कपाळ बघितलं, कान बघितले. "थांब. गोठ्यातून पाहिलेलं... तू संतरामचा का रं? म्हशीवाल्या संतरामचा? तेच कान. अरं, तुझ्या बापाच्या हातचं दूध पिऊन वाढले मी! माझ्या लग्नात तो रडला व्हता, गोठ्यात तोंड लपवून. बापापेक्षा जास्त रडला. तू संतरामचा पोर, मंग तर घरचीच मानसं झाली. आधी काहून न्हाई सांगितलं?"

म्हणजे सोयरीक जमलीच होती. एक 'व्हय' म्हणायचं होतं. फक्त 'व्हय, अक्का, त्याचाच मी.' सृष्टी स्वयंपाकघराच्या दारात ताट धरून उभी होती, तिनं सुद्धा डोळ्यांनी तेच सांगितलं. समोर मुलगा हसायला लागला होता. मुलाचे वडील पान खायला हात चोळत होते. इतकं सोपं.

मुंजाजी म्हणाला, "न्हाई. तो दुसरा संतराम."

"दुसरा?"

"चिंचदरीत दोन संतराम व्हते. आमचे वडील गढीत कारभारी व्हते. म्हशीवाला तो वेगळा. तो आमच्याकडं कामाला व्हता."

आपल्या बापाला आपल्याकडंच कामाला ठेवणारा माणूस फाट्यावर दुसरा मिळायचा नाही. मुलाच्या वडलांनी हात चोळणं थांबवलं. म्हातारीनं काठी उचलून दोन्ही हातांत धरली, उठून जायच्या आधी धरतात तशी. गढीचा कारभारी कोण, हे गढीच्या लेकीला सांगत होता तो!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताट ठेवल्याचा आवाज आला. जोरात. सृष्टीला बाजूला सारून द्वारकाबाई बाहेर आली, पदराला हात पुसत.

"अक्का, मी द्वारका. संतराम म्हशीवाल्याची. मी पाच वर्षाची असताना तुमचं लगीन झालं, तुमी मला जाताना परकराचं कापड दिलं व्हतं."

"नाकगळकी द्वारका?" म्हातारीची काठी खाली आली.

"तीच. आन हा," तिनं भावाकडं बोट केलं नाही, नुसती हनुवटी केली, "हा माझा पाठचा भाऊ मुंजा. ह्यो तवा जन्मलाबी न्हवता. आता त्यो म्हन्तो संतराम दुसरा व्हता. असंल बाबा. मला तर एकच बाप व्हता. ह्याला किती व्हते ते ह्यालाच इचारा."

हरिचंद इतका हसला की त्याला ठसका लागला. केशरबाईनं तोंड फिरवलं. प्रेमानंद सर चित्राकडं बघत बसले, फार अभ्यासू होऊन.

शकुंतलाबाई द्वारकाबाईला जवळ घेऊन बसली. दोघी बराच वेळ चिंचदरीचंच बोलत राहिल्या. चौक कसा होता, दळायचं जातं कुठं होतं, संतराम म्हशीला काय नावानं हाक मारायचा. पुरुषमाणसं ऐकत होती. मुलाच्या वडलांनी शेवटी हळूच विचारलं, "वैनी, मंग सुपारीचं?"

"फोडायची की." म्हातारीनं सुपारी हातात घेतली. ही सुपारी पोरीच्या बापाच्या हाती द्यायची रीत. मुंजाजीनं हात पुढं केला. म्हातारीनं तो हात बघितला सुद्धा, पण सुपारी तिनं द्वारकाबाईच्या तळव्यावर ठेवली. "तू घे. तुझ्या बापाची नात हाय. त्याच्या वतीनं कोनीतरी घ्यायला पाहिजे."

सृष्टी पाया पडली. पाहुण्यांच्या आधी आत्याच्या पाया पडली. मुंजाजीच्याही पडली, पण वर बघितलं नाही.

जाताना शकुंतलाबाई पुन्हा एकदा भिंतीपाशी थांबली. मुंजाजीला वाटलं आता सांगेल, पुसून टाक. तोही तेच म्हणाला, घाईघाईनं, "उद्याच पांढरं करतो, जी."

"नगं," ती म्हणाली. "राहू दे. माझ्याकडं गढी हाय ती आतली. बाहेरून आमी कशे दिसायचो, ते मला आजच कळलं. फार काही चांगले न्हाई दिसत." आणि हे बोलताना तिचा आवाज मऊ होता की कडक, ते कुणालाच नीट सांगता येत नाही.

ती दाराशी आली. चपला उंबऱ्याबाहेर होत्या, एक सरळ, एक उलटी होऊन पडलेली. तिनं इकडंतिकडं न बघता, पन्नास वर्षांच्या सवयीनं की त्याच्याही आधीच्या, कुणास ठाऊक, हात पुढं केला. "मुंजा, चपला दे रं."

दुमजली घराचा मालक, दोन गाळ्यांचा धनी, पांढऱ्याशुभ्र धोतरातला मुंजाजी, कमरेत वाकला. चपला सुलट केल्या, जोडीनं तिच्या पायांपुढं लावल्या, आणि तिनं आधाराला त्याच्या खांद्यावर हात ठेवला तसा तसाच वाकून राहिला. रस्त्यापलीकडून पंचरवाला बघत होता, टायरवरून हात काढून.

"नीट घाला, जी," मुंजाजी म्हणाला. "फरशी गुळगुळीत हाय."